लॅपटॉपचं वय कशावरून मोजायचं?

बारावीचा निकाल लागून इंजिनिअरिंगचा किंवा बीसीएचा प्रवेश पक्का झाला, की घरोघरी लॅपटॉपचा विषय निघतो. ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन जातात, मुंबईकर लॅमिंग्टन रोडला एक फेरी मारून येतात. दुकानदार काउंटरवर दोन लॅपटॉप ठेवतो. एक कोरा करकरीत, सीलबंद खोक्यातला, वर्षाची वॉरंटी असलेला. आत सेलेरॉन प्रोसेसर. दुसरा कुठल्याशा मोठ्या कंपनीतून बाहेर पडलेला थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड. झाकणावर दोन-चार चरे, आत आठव्या पिढीचा कोअर आय५. किंमत जवळपास सारखीच. घरच्यांचा कल बहुधा पहिल्याकडे असतो, कारण एवढे पैसे मोजून वापरलेली वस्तू आणायची हे मनाला पटत नाही. पण दोन्हींवर एकाच वेळी ब्राउझरचे वीस टॅब, एक ऑनलाइन वर्ग आणि कोड लिहायचं सॉफ्टवेअर चालवून पाहिलं, तर कोरा लॅपटॉप धापा टाकायला लागतो आणि वापरलेला निवांत चालत राहतो. सेलेरॉन एन४०२० या चिपला दोन कोअर, म्हणजे काम करणारे दोन स्वतंत्र भाग, आहेत, आय५-८२५०यू या चिपला चार. आणि यातली सेलेरॉनच नंतरची आहे: ती २०१९ सालची, आय५ २०१७ सालची.

चिप कोणत्या प्रतीची हे तर पाहावंच, पण खरेदीला निघण्यापूर्वी आणखी एक गोष्ट मनात पक्की करावी. प्रत्येक लॅपटॉपला तीन तारखा असतात. एक, खोकं उघडल्याची. दुसरी, आतल्या चिपचा आराखडा पहिल्यांदा बाजारात आल्याची. तिसरी, ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारी कंपनी त्याला अपडेट देणं थांबवणार त्या दिवसाची. आपण पहिली तारीख बघून पैसे मोजतो. लॅपटॉपचं खरं वय दुसरी तारीख सांगते आणि उरलेलं आयुष्य तिसरी.

‘कॉम्प्युटर काय, दोन वर्षांत जुना होतो’ असं आपल्याकडे अजून सर्रास म्हटलं जातं. एके काळी ते अगदी खरं होतं. १९६५ साली गॉर्डन मूर यांनी चिपवरच्या ट्रान्झिस्टरची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल असा अंदाज मांडला आणि १९७५ साली तो ‘दर दोन वर्षांनी’ असा सुधारला. हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण वेगाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची गोष्ट १९७४ साली आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिली होती. ट्रान्झिस्टर लहान करत गेलं की त्याला लागणारं व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी करता येतं. म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवा, ते जास्त वेगाने चालवा, तरी चिप पूर्वीइतकीच तापेल. या सोयीवर संगणकाच्या धंद्याने तीसेक वर्षं काढली. १९९४ साली १०० मेगाहर्ट्झवर चालणारा पेंटियम २००२ संपता संपता ३ गिगाहर्ट्झच्या पुढे गेला होता. आठ वर्षांत तीसपट! त्या काळात तीन वर्षांपूर्वीचा संगणक खरोखरच म्हातारा असायचा.

मग ही गाडी अडली. व्होल्टेज एका मर्यादेच्या खाली नेलं की ट्रान्झिस्टर नीट बंद होत नाही. बंद असतानाही त्यातून वीज झिरपत राहते आणि चिप तापते. २००४ साली इंटेलने पेंटियम ४ नंतर येऊ घातलेला ‘तेजस’ नावाचा प्रोसेसर गुंडाळून ठेवला आणि वेग वाढवण्याऐवजी एका चिपवर जास्त कोअर बसवण्याचा रस्ता धरला. आजही लॅपटॉपचे प्रोसेसर जेमतेम ४-५ गिगाहर्ट्झला पोचतात. सुधारणा थांबलेली नाही, पण ती आता वेगवेगळ्या वाटांनी, थोडीथोडी होते, आणि टायपिंग, एक्सेल, ब्राउझर, ऑनलाइन वर्ग यांत दर वर्षाचा फरक हाताला जाणवेलच असं नाही. दरवर्षी नवं मॉडेल मात्र येतं, कारण दुकानांना ते लागतं.

मोठ्या उड्या अधूनमधून येतात, आणि त्या ओळखता आल्या की निम्मं काम होतं. मी गेल्या पंधरा वर्षांतल्या तीन मानतो.

पहिली उडी प्रोसेसरची नाहीच. ती हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आला तेव्हाची आहे. लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे फिरते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, आणि त्याआधी ते टोक योग्य जागी सरकावं लागतं. सगळं धरून एका तुकड्याला साधारण १५ मिलिसेकंद गेले, तर सेकंदाला शंभर तुकडेसुद्धा वाचून होत नाहीत. विंडोज सुरू होताना असे हजारो लहान लहान तुकडे इकडून तिकडून गोळा करावे लागतात. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे तोच तुकडा मिलिसेकंदाच्याही काही अंशांत हाती येतो. चहा टाकून येईपर्यंत सुरू न होणारा लॅपटॉप एसएसडी बसवल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू होतो तो यामुळे. घरात हार्ड डिस्कवाला जुना लॅपटॉप असेल आणि ‘आता नवीनच घेऊ’ असं चाललं असेल, तर आधी दोन-चार हजारांचा एसएसडी घालून बघा. कित्येकदा खरेदीचा विषयच तिथे संपतो.

दुसरी उडी २०१७ सालची. पातळ लॅपटॉपमधल्या आय५ला तोवर वर्षानुवर्षं दोनच कोअर होते. त्या वर्षी एएमडीचे रायझन प्रोसेसर बाजारात उतरले, स्पर्धा तापली, आणि त्याच वर्षी इंटेलने सातव्या पिढीच्या आय५-७२००यूच्या जागी आणलेल्या आठव्या पिढीच्या आय५-८२५०यूला चार कोअर दिले. तिसरी उडी नोव्हेंबर २०२०ची, ॲपलच्या एम१ची. पंखा नसलेला मॅकबुक एअर इतका वेगवान आणि बॅटरीच्या बाबतीत इतका काटकसरी असू शकतो हे तेव्हा प्रथमच दिसलं.

आता याची उलटी बाजू पाहू, म्हणजे वरचं नाव नवं आणि आतला आराखडा जुना. २०२३ सालच्या लॅपटॉपसाठी एएमडीने प्रोसेसरच्या नावांची जी पद्धत लावली, तिच्यात चार आकडे असतात. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५४०यू ही दोन नावं शेजारी ठेवा. दुकानात दोन्ही ‘रायझन ५, सेव्हन थाउजंड सीरिज’ म्हणून विकली जातात. पण खरी मेख तिसऱ्या आकड्यात आहे. तिथे २ असेल तर आत झेन २ हा आराखडा, जो पहिल्यांदा २०१९ साली आला. तिथे ४ असेल तर झेन ४, दोन पिढ्या पुढचा. दोघांच्या मधला ३ म्हणजे झेन ३. एका आकड्याच्या फरकात तीन वर्षांचं अंतर लपलेलं आहे. इंटेलनेही जानेवारी २०२४मध्ये नावातलं ‘आय’ काढून कोअर ५ १२०यू, कोअर ७ १५०यू अशी नावं आणली. आतला आराखडा तेराव्या पिढीचाच होता. त्याच सुमारास आलेला खरा नवा आराखडा ‘कोअर अल्ट्रा’ या नावाने वेगळा विकला गेला. हे सगळं कंपन्यांच्या तांत्रिक पानांवर उघड लिहिलेलं असतं, त्यामुळे याला फसवणूक म्हणता येत नाही. तरीही मला हे खटकतं. पाच-सहा महिने पैसे साठवून लॅपटॉप घेणाऱ्या माणसाने नावातला तिसरा आकडा वाचायला शिकावं, अशी अपेक्षा धरणं बरोबर नाही. पण ते शिकून घेणंच तूर्त आपल्या हातात आहे. दुकानात ‘आय५ आहे ना?’ एवढं विचारून थांबू नका. प्रोसेसरचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरापर्यंत, कागदावर लिहून घ्या आणि तो कोणत्या वर्षी, कोणत्या आराखड्यावर आला हे मोबाइलवर शोधा. पाच मिनिटांचं काम आहे.

जुन्याच्या बाजूने एवढं बोलल्यावर तिसऱ्या तारखेकडे वळलं पाहिजे, कारण जुन्या वस्तूची सगळी गोम तिच्यात आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. घरगुती वापरासाठी सुरक्षेच्या अपडेटची मुदत नोंदणी केल्यास ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढवून मिळाली, पण ती तात्पुरती सोय. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. सातव्या पिढीला मोजके अपवाद सोडले तर जागा नाही. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. म्हणजे २०१७च्या उन्हाळ्यात घेतलेला आणि २०१८च्या उन्हाळ्यात घेतलेला, दिसायला अगदी सारखा असे दोन लॅपटॉप आज कायमचे वेगळ्या बाजूंना उभे आहेत. पहिल्याचा कीबोर्ड, पडदा, मदरबोर्ड सगळं ठणठणीत असू शकतं. तरी त्यावर नेट बँकिंग करणं दर महिन्याला जास्त धोक्याचं होत जाणार, कारण सापडलेली भोकं बुजवायला कोणी नाही.

जुन्या बाजारात सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रं इतकी स्वस्त मिळतात ती याचमुळे. काही दुकानदार त्यावर आडमार्गाने विंडोज ११ घालून देतात. ते चालतंही, पण पुढचे अपडेट येतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. लिनक्स मिंट किंवा उबुंटू वापरायची तयारी असेल तर हीच यंत्रं अजून बरीच वर्षं छान काम करतील. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलाला तर तो अनुभव पुढे उपयोगी पडेल. फक्त कॉलेजला लागणारं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं का, हे आधी विचारून घ्यावं. विंडोजच हवं असेल तर आठव्या पिढीच्या खाली उतरू नये, हे मी अगदी ठामपणे सांगेन.

ॲपलच्या बाबतीत ही रेघ आणखी ठसठशीत दिसते. मार्च २०२०मध्ये इंटेलची चिप असलेला मॅकबुक एअर बाजारात आला. नोव्हेंबर २०२०मध्ये एम१चा एअर आला. नाव एक, साल एक, बाहेरचं रूप जवळपास एक. २०२५ साली आलेली टाहो ही मॅकची ऑपरेटिंग सिस्टिम दुसऱ्यावर चालते, पहिल्यावर चालत नाही. आठ महिन्यांनी अख्खं भवितव्य बदललं. मार्चमध्ये घेणाऱ्याने नवीन म्हणूनच घेतला होता, पण तो एका संपत आलेल्या वाटेवरचा शेवटचा नमुना होता. एखाद्या यंत्राच्या आतली मूळ चिपच बदलणार अशी बातमी असेल, तेव्हा मात्र थांबलेलं बरं. बाकी वेळी थांबण्यात फारसा अर्थ नसतो.

थांबण्यावरून ॲडम ऑस्बोर्न यांची गोष्ट सांगितली पाहिजे. या माणसाचं बालपण तमिळनाडूत गेलं. वडील आर्थर ऑस्बोर्न रमण महर्षींचे अनुयायी होते. ॲडम यांनी १९८१ साली अमेरिकेत ‘ऑस्बोर्न १’ हा उचलून नेता येणारा संगणक विकायला काढला. पडदा पाच इंची, वजन सुमारे ११ किलो, किंमत १,७९५ डॉलर. तो तडाखेबंद खपला. १९८३ साली त्यांनी पुढच्या, सुधारित मॉडेलची वाच्यता ते तयार होण्याआधीच केली. विक्रेत्यांनी जुन्या मॉडेलच्या ऑर्डरी थांबवल्या, नवं वेळेत आलं नाही, आणि त्या सप्टेंबरमध्ये कंपनीने दिवाळं काढलं. बुडण्याची इतरही कारणं होती, मोठ्या पडद्याचा कायप्रो हा स्पर्धक त्यांतलं एक. तरी पुढच्या मॉडेलच्या घोषणेने चालू मॉडेलचा खप मरण्याला आजही ‘ऑस्बोर्न इफेक्ट’ म्हणतात. विकणाऱ्याला बुडवणारी ही गोष्ट घेणाऱ्याच्या मात्र पथ्यावर पडते. दर जानेवारीत लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात आणि मे-जूनच्या सुमारास तैपेईच्या कॉम्प्युटेक्समध्ये नव्या चिप जाहीर होतात. ती यंत्रं आपल्या दुकानांत यायला काही महिने जातात, आणि आली की मागच्या पिढीचा न उघडलेला माल संपवण्याची घाई सुरू होते. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये जी मोठी सूट दिसते तिच्यात या मालाचा वाटा बराच असतो.

बहुतेक घरांसाठी माझी पसंती यालाच आहे: एक पिढी मागचा, पण कोरा लॅपटॉप. त्याला वॉरंटी आहे, अपडेटची पुष्कळ वर्षं शिल्लक आहेत, आणि त्यातले दोष इतरांच्या पैशाने आधीच उघड झालेले असतात. हा शेवटचा मुद्दा लहान नाही. १९९४ साली पेंटियमच्या काही भागाकारांत चूक येते हे अमेरिकेतल्या थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं आणि इंटेलला त्यापायी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. जानेवारी २०११मध्ये नव्या सँडी ब्रिज प्रोसेसरसोबत आलेल्या चिपसेटमध्ये डिस्क जोडायचे काही पोर्ट कालांतराने खराब होतील असं निघालं. महिना संपायच्या आत पुरवठा थांबवावा लागला. तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या अस्थिरतेवर उपाय ऑगस्ट २०२४मध्ये आला, तेव्हा तेरावी पिढी बाजारात येऊन जवळजवळ दोन वर्षं झाली होती. इंटेलने त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. म्हणजे काही महिने थांबल्याने प्रत्येक दोष टळतो असं नाही, पण पहिल्या दिवशी घेणारा सगळ्यात उघड्यावर असतो.

‘थांबा, उतरेल’ या सल्ल्यालाही अलीकडे तडा गेला आहे. २०२५च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरसाठी मेमरीची मागणी इतकी वाढली, की रॅमचे भाव उतरण्याऐवजी चढायला लागले. डिसेंबरमध्ये मायक्रॉन कंपनीने ग्राहकांना थेट विकला जाणारा आपला क्रुशल हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत १६ जीबी रॅम आधीच बसवलेला वापरलेला लॅपटॉप जास्त मोलाचा ठरतो. नव्या पातळ यंत्रांत रॅम बहुधा मदरबोर्डवरच डागलेली असते, पुढे वाढवता येत नाही. ‘आत्ता ८ घेऊ, नंतर वाढवू’ असा विचार असेल तर मोकळा स्लॉट आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा.

हिशोब एका साध्या उदाहरणात मांडता येतो. समजा, कोरा लॅपटॉप साठ हजारांचा आणि तो सहा वर्षं चालेल. वापरलेला चोवीस हजारांचा, त्यात तीन हजारांची नवी बॅटरी, आणि तो तीन वर्षं चालेल. वर्षाला पहिला दहा हजारांना पडतो, दुसरा नऊ. फरक एवढासाच. मग निर्णय हातात आज किती पैसे आहेत आणि काम काय आहे यावर ठरवावा. कर्ज काढून साठ हजार घालण्यापेक्षा चोवीसचा घेऊन तिसऱ्या वर्षी, मुलाला नेमकं काय करायचंय हे कळल्यावर, दुसरा घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

वापरलेला घ्यायचा तर दुकानातच अर्धा तास बसायची तयारी ठेवा. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी एकगठ्ठा लॅपटॉप बदलतात आणि ते या बाजारात येतात. त्यांची बांधणी दणकट, कीबोर्ड उत्तम, सुटे भाग सहज मिळणारे. पण काही यंत्रं मूळ कंपनीच्या व्यवस्थेत अजून नोंदलेली असतात. आज ती सुरळीत चालतात आणि वर्षभराने रीसेट केल्यावर अचानक त्या कंपनीचा ईमेल आणि पासवर्ड मागतात. मग ती उघडणार कोण? म्हणून दुकानदाराला समोर रीसेट करायला लावा, आपल्या मोबाइलचं इंटरनेट जोडा आणि सुरुवातीचे पडदे शेवटपर्यंत जाऊ द्या. बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रणालीला, पासवर्ड नाही ना, तेही पाहा. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढायची कमांड असते, दुकानदाराला ती ठाऊक असते; त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज ती किती चार्ज धरते हे दोन आकडे शेजारी दिसतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून घ्या. बिलावर सीरियल नंबर हवाच.

बाजारातला सगळ्यात नवा लॅपटॉप कोणी घ्यावा? व्हिडिओ संपादन किंवा थ्रीडीचं काम ज्याच्या पोटापाण्याचं आहे, आणि वाचलेला तास ज्याला पैशात मोजता येतो, त्याने जरूर घ्यावा. दिवसभर चार्जरशिवाय फिरावं लागणाऱ्यालाही नव्या चिपचा खरा फायदा आहे. ‘एआय पीसी’ या पाटीसाठी मात्र जास्त पैसे देऊ नयेत. मायक्रोसॉफ्टने २०२४ साली ठरवलेल्या कोपायलट प्लस वर्गात बसायला सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारा एनपीयू, म्हणजे एआयच्या आकडेमोडीसाठीचा वेगळा भाग, लागतो. पण विद्यार्थी आज एआयची जी साधनं वापरतात त्यांतली बहुतेक इंटरनेटपलीकडच्या सर्व्हरवर चालतात, आणि ती साध्या मोबाइलवरही तशीच उत्तरं देतात. मशीन लर्निंग शिकणाऱ्याला सुरुवातीला गुगल कोलॅबवर फुकट मिळणारं ग्राफिक्स कार्ड पुरतं.

शहराबाहेर राहणाऱ्यांनी आणखी एक चौकशी करावी. नुकत्याच आलेल्या मॉडेलचा मदरबोर्ड किंवा पडदा बाहेरच्या बाजारात मिळत नाही, त्याला कंपनीचं सर्व्हिस सेंटरच लागतं, आणि ते बहुधा जिल्ह्याच्या गावी किंवा त्याहूनही लांब असतं. घरी येऊन दुरुस्ती करून देणारी वॉरंटी आपल्या पिनकोडला लागू आहे का, हे कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून विचारा, आणि उत्तर लेखी मागून घ्या.